मंजुरीसाठी थांबलेली श्रद्धांजली

खून, दरोडे, मारामाऱ्या माझ्या डोक्यात आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. पण एका साध्या अर्जाची चौकशी अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. तिच्यात कुणाचं रक्त सांडलं नाही की कुणाचं कुलूप फुटलं नाही.

तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. ठाणे अंमलदाराने एका बाईंना माझ्यासमोर आणून बसवलं. शिकवण्या घेणाऱ्या, संसार मोडल्यामुळे माहेरी राहणाऱ्या. घरात फक्त वडील. वडिलांचा एके काळी फोटो स्टुडिओ होता; आता स्टुडिओ बंद आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली. बाईंनी वडिलांचे जुने फोटो टाकण्यासाठी इंटरनेटवर एक ग्रुप काढला होता. लोक त्या फोटोंखाली आठवणी लिहायचे आणि बाई रोज संध्याकाळी त्या वडिलांना वाचून दाखवायच्या.

"तेवढा वेळ आबा पुन्हा बघतात, साहेब," त्या म्हणाल्या. "बाकी दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसलेले असतात."

आणि त्या ग्रुपमध्ये एक ट्रोल शिरला होता. नाव 'खरं बोलणारा', चेहऱ्याच्या जागी वाघ. प्रत्येक फोटोखाली एकच पालुपद, 'चोराचा माल'. नंतर गाडी बाईंवर घसरली. नवऱ्यानं टाकलेली, इथपासून सुरुवात. पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. बाईंनी त्याला काढलं, तो दुसऱ्या खात्यावरून आला. वाघ मात्र तोच. शेवटी त्यांनी ग्रुपला चाळण लावली. कुणाचीही पोस्ट असो, आधी त्यांच्याकडे येणार, त्यांनी मंजूर केली तरच लोकांना दिसणार.

"म्हणजे आता ती घाण फक्त मी एकटीच वाचते," त्या म्हणाल्या. "ग्रुप बंद करावा असं रोज वाटतं. पण मग आबांना संध्याकाळी काय देऊ?"

मी तापट माणूस. समोर असता तर दोन मिनिटांत सरळ केला असता, पण वाघाच्या चित्राला कॉलर नसते. अर्ज नोंदवून घेतला, खातं कुणाचं ते विचारायला सायबर शाखेमार्फत त्या संकेतस्थळाच्या कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर यायचं तेव्हा येणार होतं. तोवर चौकशीचा भाग म्हणून मी तो ग्रुप वाचायला घेतला आणि खरं सांगतो, त्यात हरवून गेलो.

दुपारी ठाण्यात जरा शांतता असते. वायरलेस मधूनच खरखरतो, कोठडीतला कुणीतरी घोरत असतो. अशा वेळी मी त्या फोटोंतून फिरायचो. दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन उभे असलेले पैलवान. बिद्रीच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या, आणि त्यांच्या मागे ऊस ओढायला पळणारी पोरं. सगळ्यांत जास्त आठवणी एका फोटोखाली होत्या. रंकाळ्यावर पहाटेचं दाट धुकं, पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही, आणि त्या पांढऱ्यात म्हशींची नुसती शिंगं. कुणी लिहिलं होतं, याच काठावरून आईनं मला शेवटचं शाळेत सोडलं. हवालदार चहा घेऊन आला की मी दचकायचो. आपण ठाण्यात आहोत हे ध्यानात यायला एक क्षण लागायचा.

मग एका सकाळी बाई धावतच आल्या. त्यांची चंदगडची आत्या पहाटे वारली होती. वडिलांची ती मोठी बहीण. वडिलांना अजून सांगितलं नव्हतं, चहा झाल्यावर सांगायचं ठरलं होतं. तेवढ्यात मंजुरीसाठी एक पोस्ट येऊन थांबली होती. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. वाघाचं चित्र, आणि खाली आत्याच्या नावानिशी, 'भावपूर्ण श्रद्धांजली. रक्षाविसर्जन उद्या सकाळी, चंदगड.'

"रक्षाविसर्जनाची वेळ कुणाकुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"आत्ताच फोनवर ठरलं. आत्याची मुलं, मी आणि काका." बोलता बोलता त्या थांबल्या. "आत्याच्या मुलांना तर हा ग्रुप माहीतही नाही."

आमच्याकडे माणूस भांडेल, कोर्टात जाईल, बांधावरून डोकं फोडेल. पण मयताची बातमी कळवायची राहिली असं होऊ देणार नाही. तिथं तो सगळं सोंग विसरतो. कंपनीचं उत्तर येण्याआधीच माझा माणूस मला सापडला होता.

मी घाई केली नाही. रक्षाविसर्जन होऊ दिलं आणि मग काकांना बोलावलं. वडिलांचा हा धाकटा भाऊ उमेदीची सगळी वर्षं त्याच स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धूत राहिला होता. खांदे पडलेले, बोटं रसायनांनी कायमची तपकिरी. मी पाणी दिलं, फोन पुढे ठेवला.

"हे खातं तुमचं?"

नाकारतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "व्हय. माझ्या नावाचं दुसरं न्हाईच की. बहीण गेली, ग्रुपवर टाकायला नको व्हय?"

"आणि पोरीबद्दल लिहिलंत ते?"

"तोंडानं बोललो असतो व्हय, साहेब? लहानपणी खांद्यावर घेतलीया तिला. बोटानं लिवताना समोर कोण दिसतच न्हाई."

"मग चोर कोण?"

"रंकाळ्याचा फोटू मी काढलाय. दादानं त्यावर स्टुडिओचा शिक्का मारला. जन्मभर मी गप्प. आता सारी दुनिया त्येला वा वा करतीया, त्येच मला सोसंना."

मी त्यांना झापलं. तुमचं दुखणं खरं असेल, पण त्यासाठी एका बाईच्या अब्रूवर चिखल फेकायचा परवाना तुम्हाला कुणी दिला, असं विचारलं. जबाब घेतला, सही घेतली. गुन्हा दाखल करायचा का, हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी आबांशी बोलते.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. काकाही आले होते, पण उंबऱ्याच्या आत येईनात. आबा खाटेवर बसले होते. लेकीने त्यांना सगळं सांगितलं होतं.

"तू गाळलंयस ते सगळं वाच मला," ते तिला म्हणाले. "वाचताना मधी थांबायचीस, तवाच मला कळलं हुतं."

तिने वाचलं. स्वतःबद्दलचंही वाचलं, आवाज कापू न देता. संपल्यावर आबा म्हणाले, "फोटू त्यानंच काढलाय. मला ताप हुता, मी अंथरुणात हुतो. पर मी काढला, मी काढला, असं इतक्यांदा सांगितलं, की डोळं गेल्यावर तेच धुकं मला रोज दिसतंय. आता मी तिथं नव्हतो, असं कोणत्या तोंडानं म्हणू?"

काका दारातच रडायला लागले. "दादा, लई थंडी हुती," एवढंच म्हणाले.

"आत ये की. बस हितं. आणि काय काय हुतं, सांग मला."

काका आत यायला निघाले. तेव्हा बाई उठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "आबांचं मिटलं असेल. माझं मिटलेलं नाही. जे लिहिलंत ते आत्ता माझ्याकडे बघून बोला."

काकांनी दोन्ही हात जोडले. "न्हाई बोलवत, पोरी. चुकलो."

मग त्या बाजूला झाल्या. अर्ज त्यांनी मागे घेतला. मी काकांना लेखी समज देऊन प्रकरण निकाली काढलं. रंकाळ्याच्या फोटोखाली काकांचं नाव घातलं गेलं.

ग्रुपला चाळण हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घाण गाळलीच पाहिजे, आणि ती करणाऱ्याला जाबही विचारला पाहिजे. पण नोकरीभर मी शिव्या देणाऱ्याला आधी गप्प करत आलो. त्या घरातून निघाल्यापासून, त्याला गप्प केल्यावर मी एक प्रश्न जास्त विचारू लागलो: आता शिव्या सोडून सांग, तुझं काय गेलं? बरेच जण या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत. जे देतात, ते आधी रडतात.