अडीची फुटबॉल

म्हसावदच्या हेमकांतभाऊंच्या पंप-पाइपच्या दुकानात वत्सलाबाई एकोणीस वर्षं काउंटर सांभाळत होत्या. नवरा छगन मागच्या शेडमध्ये पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा, बाई पुढे सामान काढून द्यायच्या. शिक्षण सातवी, पण कुठल्या खणात काय आहे, हे त्या डोळे मिटून सांगत.

हेमकांतभाऊंची मुलगी दामिनी नाशिकला कॉम्प्युटर शिकून आली. आधी तिने सगळा माल कॉम्प्युटरवर चढवला. मग दुकानाच्या व्हॉट्सॲपवर एक एआय मदतनीस बसवला. गिऱ्हाइकाने विचारलं, की तो स्वतःच साठ्यात शोधून उत्तर द्यायचा.

पहिल्याच दिवशी तापीकाठचे चुनीलालभाऊ मोटरसायकलवरून थेट दुकानात शिरले आणि मोबाइल काउंटरवर ठेवला.

"वत्सलाबाई, हाई वाचा! मी इचारं, अडीची फुटबॉल शे का? तं म्हनस, आमच्याकडे खेळाचं साहित्य मिळत नाही! मन्ही केळी सुकी ऱ्हायनी, अन् हाई मले मैदानवर धाडी ऱ्हायनं!"

विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह बसतो. त्यालाच सगळा तालुका फुटबॉल म्हणतो. छगन हसत हसत पोत्यावर बसला. हेमकांतभाऊंना ठसका लागला. चुनीलालभाऊही हसायला लागले. एकटी दामिनी लाल झाली.

वत्सलाबाईंनी अडीच इंची फूट व्हॉल्व्ह काढून दिला आणि म्हणाल्या, "त्यान्हं काय चुकनं? त्याले कोनी सांगंच नही. तू त्याले काय लिखी दिधं व्हतं?"

दामिनीने दाखवलं. साठा शोधण्याच्या सोयीबद्दल मदतनीसासाठी एकच ओळ होती: 'मालाचा साठा तपासतो.'

"इतलंच? नवा मानूस कामले लागना तं त्याले इतलंच सांगशी का?"

"मग काय सांगू, काकू?"

"लिख."

बाई स्टुलावर बसल्या आणि सांगत सुटल्या. गिऱ्हाईक इंचात बोलतं, आपली नोंद मिलिमीटरमध्ये. म्हणून दोनची म्हणजे त्रेसष्ट, अडीची म्हणजे पंच्याहत्तर, तीनची म्हणजे नव्वद. वायसर म्हणजे वॉशर. गेटवाल म्हणजे गेट व्हॉल्व्ह. माप सांगितलं नसेल तर आधी माप विचार, मगच शोध. शिल्लक शून्य दिसली तर माल संपला. पण रकाना रिकामा असेल तर माल मोजलेलाच नाही. तेव्हा 'नाही' म्हणू नकोस, 'विचारून सांगतो' म्हण. एकच नग उरला असेल तर गिऱ्हाइकाला सांग, निघण्याआधी फोन करा; तू बोलत असताना मी तो विकलेला असेन!

दामिनीची बोटं पळत होती. बाईंना तर नशाच चढली. रनाळ्याची माणसं घाईत असतात, धानोऱ्याची दोनदा विचारतात, अमक्याचा जावई रागीट आहे, हेही त्यांनी लिहायला लावलं. बारा पानं झाली.

मदतनीस ती वाचून पुरता गोंधळला. कुणी पाइप विचारला, तर हा आधी "रागावू नका" म्हणायचा!

"काकू, जावई काढावा लागेल," दामिनी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की समोरच्या चहावाल्याने मान वर करून पाहिलं. कापता कापता दीड पान उरलं: ही सोय कशासाठी, केव्हा वापरायची, काय विचारायचं, उत्तराचा अर्थ काय, आणि खाली नावांची यादी. बाई प्रत्येक ओळ कापताना हळहळल्या.

मग परीक्षा. छगनने शेडमधून मेसेज केला, "वायसर शे का?" मदतनीस म्हणाला, "कोणत्या मापाचा वॉशर हवा?" बाईंनी टाळ्या पिटल्या. हेमकांतभाऊंनी सगळ्यांसाठी जिलेबी मागवली.

चौथ्या दिवशी डोंगराकडच्या सुरुपसिंगचा मेसेज आला: टकटक्या आहे का? हे नाव बाईंनीही कधी ऐकलं नव्हतं. सगळे मोबाइलवर वाकले. मदतनीसाने लिहिलं, "हे नाव मला माहीत नाही. वत्सलाबाईंना विचारून सांगतो."

"पाह्य, मन्हं नाव!" बाईंनी दामिनीचा हात धरून तिला गरकन फिरवलं, आणि सुरुपसिंगला फोन लावला. "भाऊ, टकटक्या म्हणजे काय हो?"

त्याला सांगता येईना. शेवटी त्याने फोनमध्येच आवाज काढला, "टक-टक-टक-टक... चर्रर्र!"

"अरे, शेतात पाणी उडवणारा फवारा! आहेत, अकरा आहेत. या तुम्ही!"

यादीत नवं नाव चढलं. दिवसभर मात्र दुकानात कुणी काहीही मागितलं, की आतून छगन टकटक करायचा आणि बाहेरून बाई चर्रर्र.