धूम्रजटा

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. आत्ता तुमच्यापाशी बोलतोय, तरी दाराची कडी लावली आहे ना, हे दोनदा बघून आलो.

तुम्ही माझी कादंबरी वाचली असेल. जुन्या वीरकथा घेऊन मी ती माझ्या परीने नव्याने रचली – अंधारात बुडालेलं राज्य, बोलणारे घोडे, अखंड ज्योतीच्या शोधात निघालेले वीर. त्यातला सगळ्यात धाकटा वीर लांडग्यांच्या कळपातून ज्योत सांभाळून आणतो. इथं तुळजापुरात मी शिकवतो, तर वर्गातली मुलं विचारतात, असा वीर खरंच होता का? मी हसून खडू उचलतो.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. घट बसायच्या दिवशी आमच्या गावची पोरं तुळजापुरातून देवीची ज्योत पेटवून अनवाणी पळत गावी न्यायची. बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव. वाटेत बाया ज्योतीला तेल घालायच्या. ती विझू द्यायची नाही, एवढा एकच नियम. त्या ज्योतीवर गावच्या देवळातला नंदादीप लागायचा आणि मग घटाभोवतीच्या काळ्या मातीत धान्य पेरायचं.

त्या वर्षी मीही होतो. गाव जवळ आलं तशी बाकीची पोरं विहिरीवर पाणी प्यायला थांबली. ज्योत घेऊन मी एकटाच पुढं निघालो – मिरवायचं होतं, दुसरं काय? ओढ्याच्या वळणावर ज्वारीतून काहीतरी बाहेर आलं आणि वाटेत उभं राहिलं. लांडगा होता की धनगराचं कुत्रं? मला अजून माहीत नाही. एवढंच आठवतं, की मी ज्योत ओढ्यात फेकली आणि बांधामागं जाऊन तोंड झाकून बसलो. जाळाला जनावर भितं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हातात जाळ होता, तोच मी फेकला.

जनावर निघून गेलं. मी बिड्या ओढायचो, खिशात काडेपेटी होती. ज्योत ओढ्यातून उचलली, तिचा ओला काकडा काढून टाकला, धोतराची पट्टी फाडून बांधली, कमरेच्या बुधलीतलं तेल ओतलं आणि काडी ओढली. पोरं मागून आली तेव्हा ज्योत छान जळत होती. गावानं तिला ओवाळलं, माझे पाय धुतले. पाय धुणारी माझी आईच होती.

घटातलं धान्य उगवलंच नाही. माती जास्त ओली झाली असेल, बी किडकं असेल – आज हे सुचतं. तेव्हा सगळं गाव देवळात जमलं आणि म्हातारे विचारू लागले, ज्योतीला काय झालं? कुणीतरी म्हणालं, वेशीबाहेर सोनामावशीनं तेल घातलं होतं. सोनामावशी आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर जट, मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागून पोट भरायची. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "त्यांनी तेल घातलं तेव्हा ज्योत काळी पडली होती."

मावशी भांडली नाही. "माझाच हात वंगाळ असंल बाबा," म्हणाली आणि पायरीवरून उठली. पुन्हा तिला देवळात येऊ दिलं नाही. बऱ्याच घरांनी जोगवा घालणं सोडलं.

एवढ्यावर तरी थांबावं ना मी? पण ती दिसली की मी वाट बदलायचो. ज्योत कुणी विझवली, हे एक दिवस तिला कळेल, ती देवळासमोर उभी राहून माझं नाव घेईल – या भीतीनं मी तिला कादंबरीत घातलं. धूम्रजटा. जट वाढवलेली चेटकीण, शापाचं तेल ओतून वीरांची ज्योत काळवंडून टाकणारी. माझं खोटं मी छापून पक्कं केलं. पुस्तक आमच्या गावच्या शाळेत पोचलं. पोरांनी तिला लगेच ओळखलं.

गेल्या महिन्यात ती माझ्या दारात आली. मला वाटलं, संपलं सगळं.

"मास्तर," ती म्हणाली, "पोरं मला धुमरजटा म्हणून हाका मारत्यात. दगडं बी मारत्यात. तुमच्या पुस्तकातलं नाव हाय म्हणं. माझ्या जटंवरनं हाय, म्हंजे आईचंच कायतरी नाव असंल, व्हय?"

खरं सांगायला ती एक वेळ होती. समोर एक थकलेली म्हातारी, घरात दुसरं कुणी नाही. तरी मी घाबरलो.

"हो," मी म्हणालो, "देवीचंच नाव आहे."

तिचे डोळे भरून आले. वयानं माझ्या आईएवढी बाई माझ्या पाया पडली.

परवा गावी गेलो होतो. वेशीपाशी पोरं तिच्यामागं ओरडत होती – धूम्रजटा, धूम्रजटा. ती थांबली, त्यांच्याकडं वळली आणि तिनं हात जोडले.

मी छत्री आडवी धरली आणि पुढं निघून आलो.