उणे एकशेबासष्ट आणि अकरा दहाचा मुहूर्त

साइटवर किस्से गोळा करावे लागत नाहीत. थोरामोठ्यांना बोलू द्यायचं, बस्स. अकोल्याजवळ हायवेवर ट्रकसाठी एलएनजीचा पंप उभा करताना माझ्याकडे इतके साचले, की आता सांगून टाकलेलेच बरे.

मी अमरावतीला इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. साइटवर माझं काम पाइपाच्या थर्मामीटरकडे बघून व्हॉल्व्ह खोलायचं. एलएनजी म्हणजे उणे एकशेबासष्टला थंड करून पातळ केलेला गॅस. तो तापलेल्या पाइपात एकदम सोडला, तर पाइप आखडतो आणि जोड सुटतात. म्हणून आधी थोडा थोडा सोडून पाइप थंड करायचा, तासन्‌तास. जोड सुटला तर घरी कोण जाणार, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. बिनडिग्रीचा मी एकटाच!

* * *

साइट इन्चार्ज ठाकरे साहेब. अनुभव तीस वर्षांचा, म्हणजे एकाच वर्षाचा तीसदा. पाइप आतून कोरडा पाहिजे, नाहीतर ओल गोठून व्हॉल्व्ह अडकतो. मी म्हटलं, तपासू. साहेब म्हणाले, "मे महिना आहे बाप्पा. इथं विहिरीत पाणी नाही, पाइपात कुठून राहीन?"

खालचा प्लग काढला. टेस्टिंगला भरलेलं पाणी निघालं, अर्धी बादली.

साहेबांनी बादलीत बघितलं. "मले मालूमच होतं."

* * *

जागेचे आणि पंपाचे मालक नानाजी. कपाशीवाले, मोठं खटलं. एका दुपारी येऊन बघतो तर गॅसच्या टाकीसमोर खसाचे दोन कूलर सुरू. का, तर आत थंड माल, बाहेर शेहेचाळीस डिग्री, टाकीले ऊन लागून राहिलं.

टाकी थर्मासच्या बाटलीसारखी दुहेरी असते, हे मी समजावत बसलो नाही. टाकी अजून रिकामी होती, एवढंच सांगितलं.

* * *

उद्घाटनाचा मुहूर्त पंडितजींनी काढलेला, अकरा दहाचा. मांडव, जेवणावळ, सगळा गोतावळा. पाइप सकाळपासून थंड करतोय, पण साडेदहाला काटा उणे साठवरच. साहेब आले, म्हणाले, पूर्ण खोल.

मी नाही म्हटलं.

"काहून? तीस वर्षं झाली मले!"

"लिहून द्या. आत्ता खोलतो."

साहेबांच्या खिशाला तीन पेन होते. एकही बाहेर निघाला नाही.

* * *

साहेब थेट नानाजींकडे गेले. नानाजी सोयऱ्यांना घेऊन माझ्यापुढे उभे. पोरगं शिक्षण सोडून आलं आणि मोठ्यांले शिकवून राहिलं, वगैरे. उद्यापासून येऊ नको, हेही झालं. व्हॉल्व्हवरचा हात मी काढला नाही.

तेवढ्यात एका जोडातून पांढरी वाफ फुस्सकन निघाली. सोयरे मांडवाच्याही पलीकडे गेले, सगळ्यात पुढे साहेब. व्हॉल्व्ह जेमतेम खोललेला होता म्हणून लगेच बंद झाला. दाब उतरवला, बोल्ट आवळले, परत थोडा सोडला. वाफ नाही. तेव्हा कुठे मी तिथंच फतकल मारून बसलो.

सगळे हळूहळू परत आले. पंडितजी माझ्याजवळ वाकले, हळूच विचारलं, अजून किती?

"तीन तास."

त्यांनी चष्मा न लावताच पंचांग उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि नानाजींना खणखणीत आवाजात सांगितलं, "अकरा दहाचा मांडवाचा होता. गॅसचा सव्वादोनचा आहे."