अक्काचा मूग

आमच्या घरात एक रीत होती. ज्वारी पेरताना तिफणीमागे दोरीनं एक वेगळी नळी बांधायची आणि तिच्यामागून चालणाऱ्या बाईनं त्या नळीत मूग सोडत जायचं. ज्वारी घराची, पण नळीतून गेलेलं पीक त्या बाईचं. त्यात आबांनी, म्हणजे वडिलांनीही, कधी हात घातला नाही.

नळीमागे चालायची माझी थोरली बहीण, अक्का. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती. त्या साली मुगाच्या पैशातून शिलाईचं मशीन घ्यायचं तिनं ठरवलं होतं. गावच्या चोळ्या शिवायच्या आणि कुणापुढे हात पसरायचा नाही.

सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. अमळनेरजवळच्या आमच्या गावात पांढरं खत, म्हणजे युरिया, तेव्हा नवलाईचं होतं. सगळ्या शेताला मिळून एकच गोणी आली. अक्का ज्वारीच्या बुडाशी तीन बोटांत मावेल तेवढंच टाकायची आणि वर माती ओढायची. तेवढ्या चिमटीवर ज्वारी अशी काळीभोर उठली, की येणारे-जाणारे बांधावर थांबू लागले.

मला मात्र मुगाची दया आली. एका ताटात तूप आणि शेजारचं ताट कोरडं, हे काही बरोबर नव्हे. शिवाय अक्काचं मशीन लवकर यायला हवं. एवढा उदात्त विचार करून मी उरलेली गोणी मुगाच्या ओळींत मुठीमुठीनं रिकामी केली.

मूग माजला. ज्वारीच्या गळ्यात पडला. बांधावर कुणी थांबलं नाही, तर मीच हाक मारून थांबवायचो. शेंगा धरायच्या दिवसांत अक्का ओळीत वाकली आणि बराच वेळ पाला उलटापालटा करत राहिली.

"भाऊ, हाई मूग शे का मेथी? शेंगा कोठे शेतस?"

मी खताचं सांगितलं. जादा खतानं मूग नुसता पाल्याला जातो, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं हातातला पाला खाली टाकला आणि ती घराकडे चालू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज एक भारा कापून आबांच्या म्हशीपुढे टाकू लागली. म्हैस खूश झाली, चरवी काठोकाठ भरू लागली. मग एका सकाळी अक्कानं ती चरवी उचलली आणि आपल्या खोलीकडे निघाली.

"दूध कोठे लई चालनी?" आबांनी विचारलं.

"आबा, मूग मना व्हता. तो म्हैसना पोटमा गया. मंग दूध कोनं?"

"म्हैस मनी शे."

"म्हनीसन म्हैसनं शेन तुमनं. त्याले मी हात लावस का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हा खटला मीच उभा केला होता. तसा तो मीच केला होता. मग त्यांनी कोरा चहा मागितला. पाला संपेपर्यंत आम्ही सगळे कोराच प्यायलो आणि त्या दुधाचं अक्कानं कढवलेलं तूप अमळनेरच्या बाजारात जात राहिलं.

दिवाळीनंतर बैलगाडीतून मशीन आलं. जुनं होतं, पण पायानं चालायचं. उतरवायला मी धावलो.

"भाऊ," अक्का म्हणाली, "तू हात नको लावू."