आफ्रिकेला जायच्या तयारीचं वर्ष

भंडाऱ्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीची वार्षिक सभा होती. टांझानियाहून आलेले एक पाळक पाहुणे म्हणून पंगतीत माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसले होते आणि मी वाढत होते. पाहुण्यांनी वरणभात हातानं असा सराईतपणे कालवून खाल्ला की वाढणाऱ्या आम्ही बाया एकमेकींकडे बघायला लागलो. पुन्हा भात मागताना ते इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे मोठ्या सरोवराच्या काठी एक शाळा आहे आणि एक दवाखाना. शाळेला गणिताचा मास्तर मिळत नाही, दवाखान्याला नर्स मिळत नाही. तुम्ही काय करता?"

"मी गणित शिकवतो," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "आणि ही नर्स आहे."

दोघंही हसले. मी भाताची परात घेऊन तशीच उभी राहिले. मागच्या बाईनं ढोसलं तेव्हा भानावर आले.

लग्नाला आमच्या तीनेक वर्षं झाली होती. मी मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वार्डात होते, तो शाळेत. दवाखान्याच्या आवारातच आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. सत्तरच्या दशकाची ती मधली वर्षं. नागपूरच्या पलीकडं आम्ही दोघंही कधी गेलो नव्हतो. पाहुणे दुसऱ्या दिवशी निघून गेले, पण त्यांचं ते बोलणं आमच्या घरातून काही जाईना.

"आपण मिशनरी?" मी म्हटलं. "मिशनरी तर गोरे असतात."

"असं कुठं लिहिलं आहे?"

"लिहिलेलं नाही. पण असतात."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. म्हणाला, "आपल्या आजा-आजीकडे कोणीतरी समुद्र ओलांडून आलं. तिकडून इकडे येणंच चालत असेल, इकडून तिकडे जाणं चालत नसेल, असं देवानं ठरवलं असेल असं मला वाटत नाही."

आम्ही बरेच दिवस प्रार्थना केली. प्रार्थनेत तो म्हणायचा, "प्रभू, तुझी इच्छा असेल तर." मी मनातल्या मनात म्हणायची, "असूच दे." शेवटी आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं. निवड नागपूरची समिती करते, मी तुमचं नाव कळवतो, म्हणाले. "पण तोवर भाषा शिकायला लागा. जाऊन मुक्यासारखे बसाल तर काय उपयोग?"

भंडाऱ्यात स्वाहिली कोण शिकवणार? पण मोठ्या बाजारात एका कच्छी किराणा दुकानदाराची म्हातारी आई होती. ते कुटुंब तीन-चार वर्षांपूर्वीच आफ्रिकेतून परतलेलं, एवढं आम्ही ऐकून होतो. एका संध्याकाळी साखर घ्यायच्या निमित्तानं गेलो. सगळे तिला बा म्हणत. मी विचारलं, "बा, आप को उधर की भाषा आती है?"

बा गूळ फोडत बसली होती. तिनं हात थांबवला. "आती है? बेटी, मैं तो सपना भी उसी में देखती हूँ." आणि मुलाला हाक मारून सांगितलं, यांच्या साखरेचे पैसे घेऊ नकोस.

तेव्हापासून शाळा आणि ड्यूटी संपली की आम्ही दुकानामागच्या खोलीत पोत्यांवर बसायचो. बाचं लग्न तिकडेच झालेलं, मुलं तिकडेच झालेली, नवरा तिकडच्याच मातीत. इथं येऊन ती गप्प झाली होती, असं तिची सून सांगायची. आमच्यापुढं मात्र ती थांबायची नाही. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला चकित केलं. चहाला तिकडे चाय. दुकानाला दुका. गाडीला गारी. पुस्तकाला किताबू. आणि औषधाला दावा. मी टाळीच वाजवली. एवढी दूरची भाषा आणि तिच्यात आपली माणसं आधीच जाऊन बसलेली.

"पण तेवढ्यानं होत नाही," बा म्हणाली. म्हणाली ती हिंदीतच, पण अर्थ असा: शब्द नंतर, आधी रीत. आपल्यापेक्षा मोठं माणूस दिसलं की आधी 'शिकामू' म्हणायचं. म्हणजे मी तुमचे पाय धरते. मोठं माणूस म्हणेल 'मरहाबा'. तोवर कामाचं काही बोलायचं नाही. दुखणारं, दमलेलं, कुणी गेलेलं असं माणूस दिसलं की 'पोले', म्हणजे वाईट वाटलं, असं म्हणायचं. चूक तुझी नसली तरी म्हणायचं. "सुई लगाने से पहले बोलना, पोले. फिर देखना."

मला तो शब्द इतका आवडला की दुसऱ्या दिवशी वार्डात कळा देणाऱ्या एका बाईला मी तो म्हणून टाकला. साकोलीकडची होती ती. कळ ओसरल्यावर म्हणाली, "काय म्हनलं बाई?" मी म्हटलं, "काही नाही, तुला त्रास होऊन राहिला ना, म्हणून." तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला.

नवऱ्याची गत माझ्यापेक्षा वाईट होती. फळ्यावर बेरीज मांडता मांडता तो मोजा, मबिली, ताटू असं मोजायला लागला, आणि सगळा वर्ग त्याच्यामागून ओरडायला लागला. हेडमास्तर बघायला आले.

राहिल्या होत्या सासूबाई. आंधळगावच्या पुढं आमचं खेडं. तिथं तलावाखाली थोडं धानाचं शेत होतं आणि ते सोडून त्या कधी भंडाऱ्याला राहायला आल्या नाहीत. आम्ही गेलो तेव्हा रोवणी नुकतीच संपली होती. त्या ओसरीत पाय पसरून बसल्या होत्या. शेजारच्या वाड्यातले काका, गावचे जुने शेतकरी, पान खात बसले होते. नवऱ्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं.

आधी काकाच बोलले. "काहून बाबू, त्यायले त्यायचा देव नाही का?"

"आहे ना काका," नवरा म्हणाला. "तिथली मंडळी आपल्यापेक्षा मोठी आहे. तेच बोलावून राहिले. मास्तर पायजे म्हणते, नर्स पायजे म्हणते."

"मंग ठीक हाय," काका म्हणाले. "बोलावल्यावर जावं."

सासूबाई उठून चुलीशी गेल्या. मी मागोमाग गेले. त्या लाकडं सारत होत्या. म्हणाल्या, "माही सासू सांगे. पह्यल्यानं गोरी मड्डम आली तवा दारात उभी राहून बोलेच, बोलेच. कोनाले काही समजेना. पोट्टे हासत. मंग एक वर्ष ते नुसती येऊन बसे. कांदे निवडू लागे, लेकरं घेई. तवा कुठं बाया तिच्याशी बोलल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बोलाले नको जाऊ. बसाले जा."

"हो आई."

"आन मले एक सांग. तिथं धान होते का?"

ते मी बाला विचारलेलं होतं. "होतं. धानाला ते मपुंगा म्हणतात. तांदळाला मचेले. आणि शिजवलेल्या भाताला वाली."

त्या फुंकणी हातात धरून थांबल्या. "तिन्हीले अलग अलग नाव?"

"तिन्हीला."

"मंग मानसं चांगली असन," त्या म्हणाल्या आणि चूल फुंकायला लागल्या. जेवताना त्यांनी आम्हाला नीट वाढलं, पण नवऱ्याच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला. एरवी त्या तसं करत नसत.

समितीनं आम्हाला नागपूरला बोलावलं तेव्हा मी माझी सगळ्यात चांगली साडी नेसले होते, आणि बसमध्ये ती चुरगळू नये म्हणून अर्धा रस्ता उभी राहिले होते. लांब टेबलाच्या पलीकडे पाच-सहा जण. एक सोडून सगळे पुरुष. ती एक बाई म्हणजे एक निवृत्त डॉक्टरीण, कोपऱ्यात विणत बसलेली. नवऱ्याला त्यांनी खूप विचारलं. विश्वास कसा आला, बायबल किती वाचतोस, गणित कुठपर्यंत शिकवशील, एकटेपणा सोसेल का. त्यानं छान उत्तरं दिली. मग मधले साहेब माझ्याकडे वळले.

"तिथं घरकामाला माणूस मिळेलच असं नाही. स्वयंपाकपाणी एकटीनं जमेल ना?"

"जमेल," मी म्हटलं.

"बरं." आणि त्यांनी कागद आवरायला घेतले.

माझे कान तापले. एवढे महिने मी वार्डात, रस्त्यात, भांडी घासताना शब्द घोकले होते ते स्वयंपाकासाठी? मी म्हटलं, "साहेब, मला कोण म्हणून पाठवणार?"

"म्हणजे? गुरुजींची पत्नी म्हणून."

"मग दवाखान्यात नर्स कोण जाईल?"

नवरा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. कोपऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "पायाळू मूल असेल, डॉक्टर एक दिवसाच्या वाटेवर असेल, तर काय करशील?"

मी सांगायला लागले. काय करीन ते सांगितलं, आणि काय करणार नाही तेही सांगितलं. त्यांनी रक्तस्रावाचं विचारलं, धनुर्वाताचं विचारलं, पाणी कसं उकळून ठेवशील ते विचारलं. मी बोलत गेले. सुरुवातीची भीती कुठं गेली कळलंच नाही, उलट मजा यायला लागली. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि हे सगळं करायची इच्छा तुझी की नवऱ्याची?"

"आधी त्यांची होती," मी म्हटलं. "आता माझी जास्त आहे."

त्या हसल्या. मधल्या साहेबांना म्हणाल्या, "आपल्याकडे एक अर्ज नाही, दोन आहेत."

परतीच्या बसमध्ये नवरा नागपूर सुटेपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसला. मला वाटलं रागावला. मग म्हणाला, "तू विचारलं ते मी विचारायला पाहिजे होतं."

"तुम्ही विचारलं असतं तर मला विचारता आलं नसतं," मी म्हटलं. त्याला हसू आलं, आणि मग भंडारा येईपर्यंत आम्ही दोघंही वेड्यासारखे बडबडत होतो. मागच्या सीटवरची बाई दोनदा पुढं वाकून बघून गेली.

निरोप आला तो एका रविवारी. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवरच सांगितलं, "दोघांची निवड झाली. दोन सेवक म्हणून." मला आठवतं ते एवढंच की मी चप्पल न घालताच पायऱ्या उतरले आणि तापलेल्या फरशीवर पाय भाजले तेव्हा परत फिरले.

मग पासपोर्ट. त्यासाठी एक हवालदार चौकशीला आवारात आला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं, "गुरुजी कोनते?" क्षणात सगळ्या क्वार्टरांची दारं उघडली. आया, वार्डबॉय, कंपाउंडरची बायको, सगळे बाहेर. गुरुजींनी काय केलं? नवरा घामाघूम होऊन बाहेर आला. हवालदारानं कागद वाचला, पुन्हा वाचला.

"आफ्रिका? काहून जी? इथं काय कमी पडलं?"

नवऱ्यानं समजावून सांगितलं. मी चहा केला. हवालदार खुर्चीत सैल बसला, दुसरा कप घेतला आणि विचारायला लागला. सिंह गावात येतात का, विंचू केवढे असतात, आगगाडी आहे का. जाताना म्हणाला, "मी लिहून देतो, मानसं सरळ हायत. पन वापस याजा हो." संध्याकाळपर्यंत सगळ्या भंडाऱ्याला ठाऊक झालं होतं.

बाचा निरोप घेणं मात्र सोपं गेलं नाही. तिनं शेवटच्या दिवशी शब्द शिकवले नाहीत. आपलं गाव कसं होतं ते सांगितलं: सरोवराकाठचे मोठाले गोल दगड, सकाळी वाळत घातलेल्या बारीक मासळीचा वास, समोरच्या घरातली बाई. "वो होगी अभी. मिले तो कहना, मैं ठीक हूँ." मी तिला वाकून 'शिकामू' म्हटलं. तिनं 'मरहाबा' म्हटलं आणि तोंडाला पदर लावला.

निघालो तेव्हा वरठीच्या स्टेशनावर एवढी माणसं आली होती की स्टेशनमास्तरांनी विचारलं, कोण पुढारी जाऊन राहिले? पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि ती संपायच्या आत गाडी आली. आमेन धावत धावत झालं. सासूबाई खेड्याहून आल्या होत्या, काकांच्या बैलगाडीतून आणि मग एसटीनं. रडल्या नाहीत. खिडकीतून मला म्हणाल्या, "पह्यले बसजो."

पुढचं सगळं बरं झालं, हे इथंच सांगून टाकते. त्या दवाखान्यात मी पुष्कळ वर्षं काम केलं, आमची दोन्ही मुलं तिथंच जन्मली, नवरा तिथल्या शाळेचा हेडमास्तर झाला. पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो मुंबईचा दिवस. बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती. लस टोचून घेतलेली, दंड ठणकत होते. कुणीतरी रस्ता दाखवला आणि आम्ही चालत किनाऱ्यावर गेलो. जन्मभर तलाव पाहिले होते, वैनगंगेचा पूर पाहिला होता. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता.

नवरा गणिताच्या मास्तरासारखा म्हणाला, "याची दुसरी बाजू दिसत नाही."

"आपल्याला तिथंच तर जायचं आहे," मी म्हटलं. त्यानं पॅन्ट दुमडली, मी साडी वर खोचली, आणि माझ्या हातातली पिशवी वाळूत ठेवून आम्ही पाण्यात शिरलो.