आधी समोरच्याची बाजू

सिस्टर वर्गात कुणालाच स्वतःचं मत आधी बोलू देत नसत. आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही अशी की तो तिथं असता तर म्हणाला असता, हो, हेच माझं म्हणणं. मग आपली. कुणी घाईनं आपलंच रेटायला लागलं की खडूनं टेबल वाजवायच्या, "थांब. त्याचं अजून व्हायचंय."

एरंडोल ओलांडलं की हायवेला मिशनचं हे छोटं विद्यापीठ. सिस्टर मूळच्या वसईच्या, तत्त्वज्ञान शिकवायच्या. मी ठिबक सिंचनाच्या पदवीला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, हे मी आजही छाती काढून सांगते. पाइप आणि फिल्टर शिकायला आलेल्या आम्हालाही सिस्टरांचा तास सक्तीचा होता. पोरं चिडवायची, "सिस्टर, यानं नोकरी लागंल का?" त्या म्हणायच्या, "नोकरी वर्कशॉपचे सर लावतील. तिथं माणसं भेटतील, त्यांचं काय करशील?"

एकदा मी वर्गात माझ्या वडिलांना, आबांना हसले. ठिबक नको म्हणतात, अजून पाटानंच पाणी देतात म्हणून. सिस्टरांनी विचारलं, "आबा खुळे आहेत का?"

"नाही."

"मग बोल त्यांच्या बाजूनं."

मला एक वाक्य येईना. त्या रविवारी मी आबांना पहिल्यांदा कारण विचारलं. उंदीर नळ्या कुरतडतात, दुरुस्तीला माणूस वेळेवर येत नाही... आबा बोलतच राहिले. पुढं जळगावला ठिबकच्या कंपनीत लागले, तेव्हा शेतकऱ्यांशी माझं जमलं ते एवढ्यामुळंच.

गेल्या वर्षी पालकसभा ठरली. सिस्टरांचा तास काढून त्या वेळात नोकरीच्या मुलाखतीची तयारी घ्यावी, असं कुलगुरू फादरांच्या मनात होतं. फादर वाईट नाहीत. फी भरणाऱ्या घरांना नोकरी दिसायला हवी, हे त्यांचं खरंच होतं. सिस्टरांचा फोन आला. "येशील? माझ्यापेक्षा तुझं ऐकतील." त्यांनी कधी कुणाकडं काही मागितलेलं मला माहीत नव्हतं.

मी गेले. आबांनाही नेलं. आणि बोलले ते शिकवल्याप्रमाणंच, आधी समोरची बाजू. आमची घरं, कापूस विकून भरलेली फी, पोरीचं लग्न कधी म्हणून टोचणारे नातेवाईक. आता सिस्टरांची बाजू, म्हणून पाण्याचा घोट घ्यायला थांबले. टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. फादर उठले, "आमच्याच विद्यार्थिनीनं सांगितलं, आता बोलायला काय उरलं?" आणि तास काढायचा ठराव मंजूर. मी "पण, पण" करत राहिले. माइक बंद झाला होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आबा खुशीत होते. "काय बोलनी माय तू! बठ्ठास्नी टाळ्या वाजाड्यात." मला त्यांच्याकडं बघवेना.

सिस्टरांना बाहेर गाठलं. "सिस्टर, माझं अजून व्हायचं होतं."

"ठाऊक आहे गं. पण त्यांची बाजू तू खोटी मांडली नाहीस. ते नातेवाइकांचं मला कधी सुचलंच नव्हतं." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फादरांना भेटून राहिलेली बाजू सांगितली. ते म्हणाले, "मग सभेत का नाही बोललात?"

सिस्टर आता मुलींच्या वसतिगृहाचा स्वयंपाक आणि किल्ल्या सांभाळतात. मी गेले की चहा देतात, आबांची चौकशी करतात. त्या दिवशी राहिलेली बाजू मी त्यांना सांगत नाही. त्यांना ती पाठच आहे. ज्यांना सांगायची होती, ते टाळ्या वाजवून घरी गेले.