फरशी हातानं पूस

नववा महिना लागला तेव्हा मी पुण्याहून कोल्हापूरला माहेरी आले. पहिलं बाळंतपण आईकडे, हे आमच्या घरात कुणी ठरवत नाही. ते ठरलेलंच असतं. मी तेव्हा एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. दुसऱ्यानं आणलेली बातमी तपासणं हे माझं काम होतं: कोण म्हणालं, त्यानं स्वतः पाहिलं का, आणखी कुणाकडून खात्री करून घेतली का. त्या सवयीनं इथेही मी स्वतः पाहिलेलं आधी लिहिते. मला नंतर कळलेलं नंतर.

डॉक्टरांचं प्रसूतिगृह राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर होतं. शेजारच्या इमारतीत शिकवणीचे वर्ग चालत, आणि शिक्षकांचा आवाज तपासणीच्या खोलीपर्यंत येई. माझा स्वतःचा जन्म याच डॉक्टरांच्या हातून झालेला. त्यामुळे त्या मला अजूनही ‘बाळ’ म्हणत. त्या दिवशी त्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला, एका जागी थांबवला, पुन्हा फिरवला.

“सगळं ठीक आहे ना?” मी विचारलं.

“एकदम छान. वजनही चांगलं आहे. तू हो पुढं, जिना सावकाश उतर. आईंना गोळ्यांचं सांगते.”

मी खाली रिक्षात जाऊन बसले. आई आली ती पदरानं मान पुसत.

“काय म्हणाल्या?”

“रक्तवाढीच्या गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या.”

“एवढंच?”

“एवढंच की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं माझ्यासमोर बादली आणि फडकं आणून ठेवलं.

“आजपास्नं फरशी हातानं पूस. गुडघ्यावर बसून, ओणवी होऊन.”

“मॉप आहे ना आपल्याकडे?”

“ऱ्हाऊ दे मॉप.”

“आणि मावशी येतात त्या कशाला?”

“त्या भांडी घासतील. तू पूस.”

“पण का?”

“का म्हंजे? बाळंतपण सोपं जातंय. आमी न्हाई का केलं?”

याच उत्तरावर माझा विश्वास बसणं अशक्य होतं. गरोदर बाईला राबवून घेण्यासाठी घराघरांत जी कारणं देतात, त्यांवरच्या लेखांना मी पुरवणीत मथळे दिलेले होते. आई भाजी आणायला गेली की मी मॉप काढायची आणि दोन फेऱ्यांत खोली संपवायची. ती परत आली की आधी चप्पल काढून पायानं फरशी चाचपायची.

“कोपरं कोरडं हाईत.”

“वाळले असतील.”

“व्हय, तुझ्या कोपऱ्यांना घाई असती.”

आरामखुर्चीवर टेकून वाचत बसले तर तिची कटकट सुरू होई. टेकू नको, पुढं वाकून बस, कुशीवर झोप. एकदा तर मी न्हाणीघरातून येईपर्यंत खुर्ची माडीवर गेली होती. मी नवऱ्याला रोज संध्याकाळी फोनवर हे सगळं सांगायची आणि हसायची. घरी भांडी कुणी घासायची यावरून तो माझ्याशी तत्त्वाचा वाद घालायचा. इथे मात्र म्हणाला, “आई सांगतात तसं कर ना. काय बिघडतं?” मला नवल वाटलं. सासूबाईंची मर्जी राखतोय, असं समजून मी विषय सोडून दिला.

कळा सुरू झाल्या तेव्हा त्या कळा आहेत हे मला कळलं नाही. पुस्तकांत वाचलं होतं आणि मैत्रिणींनीही सांगितलं होतं, की कळ पोटातून येते, येते आणि जाते, मध्ये उसंत मिळते. माझी कंबर धरली. अगदी खाली, माकडहाडाच्या वर, एका तळहाताएवढ्या जागेत. सकाळची वेळ होती. आई मेथी निवडत होती.

“कुठं दुखतंय?”

“कंबरेत. आखडली असेल.”

“पोटात न्हाई?”

“नाही.”

तिनं हातातली जुडी तशीच परातीत टाकली आणि उठली. “चल.”

“अगं, कळा नाहीत या.”

“चल म्हणतो न्हवं का.”

प्रसूतिगृहात पोचल्यावर तिनं पिशवी उघडली. झबली, दुपटी, थर्मास, आणि सगळ्यांत खाली, टॉवेलात गुंडाळलेलं आमच्या स्वयंपाकघरातलं लाटणं. मी पलंगाची कड धरून उभी होते. तिनं मागून लाटणं माझ्या कंबरेच्या खालच्या हाडावर आडवं धरलं आणि सगळा भार टाकून दाबलं. दुखणं गेलं नाही, पण श्वास घेण्याइतकं मागे सरलं.

“लाटणं का आणलंस?” मी विचारलं.

“लागंल म्हणून.”

मी पुढं विचारलं नाही. एरवी विचारलं असतं. पिशवी आठवडाभर आधी भरून ठेवलेली होती आणि तेव्हा कंबर दुखत नव्हती. ही विसंगती मला दिसली, पण ती धरून ठेवायला जागा नव्हती.

दुपारपर्यंत फारसं काही पुढं सरकलं नाही. कळ गेली की पोट सैल पडायचं, कंबर मात्र तशीच. एखाद्यानं आतून मुठीनं मणक्यावर टेकून उभं राहावं तसं. शेजारच्या वर्गात शिक्षक त्रिकोणमिती शिकवत होते आणि मुलं एका सुरात उत्तरं देत होती. मी पाठीवर आडवी झाले तशी सिस्टर ओरडली. ती गगनबावड्याकडची होती, आवाज डोंगरातला.

“ताई, उताणं झोपू नगा! हातापायावर व्हा बघू, वाकून.”

“का?”

“बाळाची पाठ तुमच्या पाठीला हाय न्हवं का! तोंड आभाळाकडं करून बसलंय. त्येचं डोकं तुमच्या मणक्यावर दाबतंय, म्हणून तर कंबर जातीया.”

“हे आत्ता कळलं तुम्हाला?”

“आत्ता कशाला? मागल्या तपासणीलाच मॅडमनी सांगितलं की तुमच्या आईंना. ओणवं होऊन फरशी पुसायची, बाळ फिरलं तर फिरंल म्हणून. पुसली न्हाई का?”

मी आईकडे पाहिलं. ती लाटणं दोन्ही हातांत धरून उभी होती.

“सिस्टर,” ती म्हणाली, “गरम पाणी हाय का बघा जरा.”

“तुला माहीत होतं?”

“आता बोलू नगंस. दम ठेव.”

“रिक्षात मी तुला विचारलं होतं.”

“पोरी, दम ठेव.”

मी तिला बाहेर जायला सांगितलं. ती गेली. पुढची कळ आली तेव्हा मी तिला हाक मारली. ती आली आणि तिनं लाटणं पुन्हा त्याच जागी धरलं. दोन्ही घडलं, म्हणून दोन्ही लिहिते.

मुलगी झाली ती ऊन उतरताना. डॉक्टरांनी हातानं डोकं फिरवायचा प्रयत्न केला, ते फिरलं नाही. मग यंत्राची वाटी डोक्याला लावून ओढून घेतलं. ती छताकडे तोंड करूनच बाहेर आली, डोळे उघडे, कपाळावर लाल वळ. रडायच्या आधी तिनं दिवा पाहिला, असं सिस्टर म्हणाली. माझं लक्ष तिथे नव्हतं.

आता नंतर कळलेलं.

डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी टाळलं नाही. “तुझ्या आईनं हात जोडले. म्हणाली, हिला सांगू नका, ही सगळं वाचत बसेल, झोपायची नाही, जेवायची नाही. मलाही पटलं, बाळ. पहिलटकरणीला कशाला घाबरवायचं?”

“मी पुसली असती तर ती फिरली असती?”

“सांगता येत नाही. काही फिरतात, काही नाही. बरीचशी कळांतच फिरतात. पुसण्यानं फिरतातच असं मी म्हणणार नाही.”

हे उत्तर मी जसंच्या तसं देते आहे, कारण ते आईच्या बाजूनं जातं. माझी तक्रार बाळ न फिरल्याची नाही. पोट माझं होतं, त्यातली गोष्ट चार माणसांना माहीत होती आणि मला नव्हती.

चौथा माणूस, माझा नवरा, त्याच संध्याकाळी पुण्याहून आला. मुलीला मांडीवर घेऊन बसला.

“तुला माहीत होतं?”

तो मुलीकडेच पाहत राहिला. “आई म्हणाल्या, तू घाबरशील.”

“मी रोज तुझ्याशी बोलत होते.”

“हो.”

“फरशीवरून हसत होते.”

“हो. मलाही हसावं लागायचं.”

आईशी बोलणं घरी आल्यावर झालं. बाळंतिणीची खोली, खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, शेपा-ओव्याचा धूर. ती माझ्या कंबरेला तेल लावत होती. ती जागा तिला न सांगता सापडत होती.

“कारण सांगितलं असतंस तर मी पुसली असती. माडीसुद्धा पुसली असती.”

“कारण सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस.”

“ते मी ठरवलं असतं.”

“बाळंतपणात बायका कवा ठरवत्यात? मला माझ्या आईनं काय सांगितलं हुतं? कायबी न्हाई. झालीस की तू.”

“मी ‘एवढंच?’ म्हणून विचारलं. तू ‘एवढंच’ म्हणालीस.”

तिनं चिमट्यानं निखारा सारखा केला. “व्हय,” ती म्हणाली. “म्हणालो.”

माफी तिनं मागितली नाही. तिच्या लेखी मागण्यासारखं काही नव्हतं, आणि ती खोटं वागत नव्हती हेही मला दिसत होतं. त्यानं काही हलकं झालं नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाला पुढच्या वेळी ओळखता येतं. मायेनं लपवणारी आई पुढच्या वेळीही तशीच दिसणार होती, मान पुसत, गोळ्यांचं सांगत.

मुलीला कावीळ दिसली म्हणून तिचं रक्त तपासायला दिलं होतं. प्रसूतिगृहात नंबर आईचा दिलेला, त्यामुळे फोन तिला आला. ती दारात येऊन म्हणाली, “उतरलीय कावीळ. सगळं बरं हाय.”

मी मुलीला अंगावरून बाजूला केलं. दुपट्यात गुंडाळून ठेवलं. माझा फोन घेतला आणि आईच्या समोर डॉक्टरांना लावला. कावीळ उतरली होती. सगळं बरं होतं.

“विचारलंस?” आई म्हणाली.

“विचारलं.”

“काय म्हणाल्या?”

“तू म्हणालीस तेच.”

तिनं मान हलवली, ओली दुपटी उचलली आणि वाळत घालायला गेली.

मुलगी आता शाळेत जाते. आई दर रविवारी फोन करते. तिचा रक्तदाब, गुडघे, डोळ्यांची तपासणी, सगळं सांगते, आणि प्रत्येकाच्या शेवटी, आवाजात जराही राग न आणता, एक वाक्य जोडते: “पायजे तर इचार डॉक्टरांना.”

मी विचारते.